ठिबकच्या नव्या नळ्या

बायपासनंतर माणसाचा पुनर्जन्म होतो. हे वाक्य वडीगोद्रीत रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर होतं आणि त्याखाली माझे थोरले दादा हात जोडून उभे होते, शेजारी लालभडक हृदय. शर्ट मात्र मागच्या जन्मातलाच होता.

दादांचं ऑपरेशन माझ्या आधी झालं. नंतर माझंही झालं, तेव्हा जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं ठेवून सांगायचा, "दादांकडं बघा." दादा सकाळी मोसंबीच्या बागेत फेऱ्या मारत, तंबाखू सोडलेली, तळलेलं बंद. त्या संध्याकाळी गाव 'निरोगी हृदयाचे मानकरी' म्हणून त्यांचा सत्कार करणार होतं. मी त्यासाठीच गेलो होतो.

दुपारचं जेवण झालं. मी माझ्या गोळ्या काढल्या आणि सहज विचारलं, "दादा, तुमच्या?"

"त्या तर कवाच बंद केल्या."

मला थट्टा वाटली. दादा थट्टा करत नव्हते.

"अरे, जुन्या ठिबकच्या नळ्या क्षारानं चोक व्हायच्या, म्हणून अ‍ॅसिड सोडायचो. नव्या नळ्या टाकल्यावर त्याच दिवशी कोनी अ‍ॅसिड सोडतं का? तसंच हाय हे. डॉक्टरनं छातीत नवं ठिबक करून दिलं. बिलकुल खुल्लं."

"त्यांना विचारलं होतं?"

"त्यायला शेतीतलं काय कळतंय?"

गोळी माझ्या हातातच राहिली. वहिनींनी भाकरीची टोपली खाली ठेवली आणि त्या तिथंच बसल्या. "मला म्हन्ले, डॉक्टरनंच बंद केल्या," एवढंच त्या बोलल्या. ज्या माणसाकडं बघून मी जगायला शिकत होतो, तो माणूस कित्येक महिने देवाच्या भरवशावर बागेत फिरत होता.

मी आधी माझी गोळी गिळली. मग विचारलं, "दादा, नव्या नळ्यांत पाणी कुठलं सोडता?"

"आपल्या बोअरचंच की. दुसरं कुठून..." दादा थांबले.

"मंग?" वहिनी म्हणाल्या. "नव्या नळ्याबी आता चोक होऊन राह्यल्या ना? का तेवढं इसरलात मानकरी?"

दादांनी छातीवर हात ठेवला. पुढारी फ्लेक्सवर ठेवतात तसा नाही.

आम्ही लगेच जालना गाठलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला आणि पुन्हा मोजला. मग ते आमच्याशी बोलायचेच थांबले, थेट नर्सला हाक मारली.

"साहेब, संध्याकाळी सत्कार हाय," दादा हळूच म्हणाले. "जाता येईल ना?"

डॉक्टर हसले नाहीत. दादांना चाकांच्या खाटेवर निजवून ढकलत आत नेलं. वहिनी त्यांच्या चपला हातात धरून बाहेर उभ्या राहिल्या.

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला, कारण मांडव घालून झाला होता आणि माइकवाला आला होता. शाल रिकाम्या खुर्चीला पांघरली. प्रमुख पाहुण्यांनी दादांच्या मनोबलावर दीर्घ भाषण केलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते फोनवर ऐकलं, मग फोन बंद केला. दाराआड कोणीतरी धावल्यासारखं वाटलं. ते दुसऱ्याच पेशंटसाठी होतं, हे कळेपर्यंत मी उभाच होतो.

दादा वाचले. आता जेवण झालं की वहिनी समोर उभ्या राहतात आणि दादांनी गोळी गिळून तोंड उघडून दाखवल्याशिवाय ताट उचलत नाहीत.

पुनर्जन्माचा फ्लेक्स ठिबकच्या खताच्या टाकीवर झाकायला घेतला आहे. कापड मजबूत आहे.