मामांचा वाडगा

माझ्या बायकोच्या मामांइतकं मासे खाणं अवघड करून ठेवलेला माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. मासळी ताजी आहे का, हे सगळेच विचारतात. मामा विचारतात, ‘पकडणाऱ्याला घरी कधी जायला मिळतं?’ लहानखुरी सुरमई दिसली की ‘हिचं अजून एकही बाळंतपण झालेलं नाही’ म्हणून परत बर्फावर ठेवतात. वारज्याची मासेवाली त्यांना पाहताच म्हणते, ‘काका, मासा घ्यायचाय, सोयरीक नाही जमवायची.’

सोललेली कोलंबी त्यांच्या घरात येत नाही. निवृत्तीपर्यंत ते कोकणात कोलंबी सोलायच्या शेडवर सुपरवायझर होते. आता दर रविवारी गॅलरीत पाटावर बसून, बर्फाच्या पाण्यात हात घालून, बोटं सुन्न होईस्तोवर स्वतः सोलतात, तिथल्या बायका सोलायच्या तशी. मामी म्हणतात, ‘तेव्हा खुर्चीत बसले, आता पाटावर बसतात. वास मात्र मलाच.’ त्या कालवणाचा एक वाडगा आमच्याकडे यायचा. तो रिकामा परत करायचा नाही, ही सासरची रीत. कधी लाडू, कधी नुसती साखर घालून आम्ही द्यायचो.

मी खराडीच्या एका कंपनीत आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाने कोलंबीच्या पाकिटावरच्या कोडवर मोबाइल धरला की सोलणाऱ्या बायकांना हातमोजे मिळाले, असं आमचं सॉफ्टवेअर सांगतं. मी ते कौतुकाने मामांना दाखवलं. ‘हातमोजे दिले का?’ या शेडवाल्याला विचारलेल्या प्रश्नापुढे ‘हो’ आधीच उमटलेलं होतं.

‘जावईबापू, ‘नाही’ कुठंय?’

‘‘नाही’ म्हटलं की माल अडतो, मामा. क्लायंटने काढायला लावलं.’

मामा हसले. ‘आम्ही निदान तपासणीच्या दिवशी तरी हातमोजे वाटायचो. संध्याकाळी परत घ्यायचो. तुम्ही तेही कष्ट वाचवलेत.’ मग लॅपटॉप मिटून म्हणाले, ‘ते ‘नाही’ परत घाला. तोवर कालवण पाठवणार नाही.’

मी ऑफिसात विषय काढला. मॅनेजर म्हणाला, ‘अप्रेझलनंतर बघू.’ अप्रेझल चांगलं झालं. मी पुन्हा विचारलं नाही. ‘हो’ तसंच आहे आणि त्यावर आमचं घर चाललंय.

शेवटचा वाडगा अजून आमच्याकडेच आहे. ‘अहो, रव्याचे लाडू घालून देऊन येऊ या ना,’ बायको रविवारी म्हणते. मी वाडगा खाली काढतो, पुसतो. या वेळेला मामा गॅलरीत सोलत बसले असतील. मी गेलो तर ओल्या हाताने झाकण काढतील, लाडू बघतील आणि ‘बसा’ म्हणतील. मग पुन्हा बर्फाच्या पाण्यात हात घालतील.

वाडगा मी पुन्हा फडताळात ठेवतो.