रिकाम्या घराची बेल

रंजनाताई बंद घराचीसुद्धा बेल वाजवायच्या. किल्ली त्यांच्याच कमरेला, आत चिटपाखरू नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक, तरी आधी बेल, मग "कोन हाय का घरात?" अशी खणखणीत हाक, मग पाचपर्यंत आकडे, आणि त्यानंतर लॅचला किल्ली. वीज गेलेली असली तर कडी वाजवायच्या. कोळवण खोऱ्यातल्या अकरा फार्महाऊसच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या आणि त्या अकराही घरांना आठवड्यातून दोनदा असं विचारलं जायचं. घरं काय बोलणार? एकदाच आत खरोखर कुणीतरी होतं. ते म्हणजे मी.

मी पुण्यात करसल्लागार आहे. पैसे कसे वाचवावेत हे सांगण्याचे पैसे घेतो. एका बड्या अशिलाने कोळवणला फार्महाऊस घेतलं, म्हणून मीही वीस वर्षांचं कर्ज काढून एक घेऊन टाकलं. "आपण तिथे जाणार कधी?" असं बायकोने विचारलं होतं, तो प्रश्न मी अरसिकतेच्या खात्यात टाकला. पुढे एका मंगळवारी तिच्याशीच भांडून, कुणाला न सांगता, तिथे जाऊन झोपलो होतो. दुपारी बेल वाजली. वर्गणीवाले असतील म्हणून मी गप्प पडून राहिलो. तेवढ्यात दार उघडलं आणि समोर चाळिशीच्या एक बाई, हातात खराटा. मी पंचावर. आमचा तोवरचा सगळा संबंध फोनवरचा होता.

"घरात असून व्हय म्हनाया काय झालं तुमाला?" त्या कडाडल्या. माझ्या घरात मीच त्यांची माफी मागितली.

मग त्यांनी चहा टाकला. रिकाम्या घराची बेल का वाजवता, असं मी विचारलं. "सापबिप आसला तर सरकतोय की बाजूला," त्या म्हणाल्या. मला पटलं. बेलच्या आवाजाने साप सरकतो का, हा प्रश्न मला दोन वर्षांनी पडला.

त्यांचं सासर महाळुंग्याचं. नवऱ्याकडे चांगली भाताची जमीन होती आणि रंजनाताईंनी त्यात बारा वर्षं भात लावला. मग बिल्डर आला. जमीन गेली, पैसा आला. नवऱ्याच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली, गळ्यात जाड साखळी आली, आणि घरी येण्याला वेळकाळ उरला नाही. शेवटी घटस्फोट. पोटगीऐवजी त्याने एक फ्लॅट दिला, त्याच जमिनीवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. फ्लॅटबरोबर त्याचं पंधरा वर्षांचं कर्जही दिलं. "लग्नात कायबी दिलं न्हवतं. म्हनलं, मोडताना तरी आहेर केला," असं त्या म्हणायच्या. कोर्टाच्या पायरीवर नवरा त्यांना बोलला होता, "सा म्हयन्यात बँक कुलूप लावंल. मंग येशील माझ्याच दारात."

ते सहा महिने त्यांनी फार मनावर घेतले. फ्लॅट एका कॉम्प्युटरवाल्या जोडप्याला भाड्याने दिला आणि स्वतः कोळवणला माहेरी आल्या. भाड्यातून हप्ता पुरा होईना, म्हणून एका बंगल्याची किल्ली घेतली; मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. भावजयीच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्यावर त्या बंगल्यांमागच्या खोल्यांमध्ये राहू लागल्या. मालकाच्या ड्रायव्हरला खोली लागली, की ताईंची वळकटी पुढच्या बंगल्यात. म्हणजे बघा, ज्यांची घरं होती ते त्यात राहत नव्हते, आणि जिचं घर होतं तिला त्यात राहणं परवडत नव्हतं.

हे सगळं ऐकून माझ्यातला सल्लागार जागा झाला. मी मोबाईलवर आकडेमोड केली आणि सांगितलं, "ताई, फ्लॅट विका, कर्ज भागवा आणि मोकळ्या व्हा."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "सायेब, तुमचा हप्ता किती हाय?"

मी आकडा सांगितला. त्यांच्या तिप्पट होता.

"मंग तुमी कदी इकताय?"

मी मोबाईल खिशात ठेवला. सल्ल्याची फी मागण्याचा प्रश्नच नव्हता.

कर्ज अजून नवऱ्याच्याच नावावर होतं. ते स्वतःच्या नावावर घ्यायचं म्हणून आम्ही बँकेत गेलो. समोर एक गोडबोल्या तरुण साहेब. पगारपत्रक आहे का, नाही. मग धंद्याचा काही पुरावा? रंजनाताईंनी कमरेचा जुडगा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. "ह्यो बघा."

"मॅडम, किल्ल्या पुरावा म्हणून चालत नाहीत."

"का न्हाई? ह्यातली निम्मी घरं तुमच्याच कर्जावर हुबी हायेत. ती म्या राखतीया. त्या मालकांवर तुमचा भरवसा हाय, आन त्येंचा भरवसा माझ्यावर हाय. मंग तुमालाच काय झालंय?"

साहेब हसला, पण तीन वर्षांची विवरणपत्रं त्याला हवीच होती. ती मी भरायला लागलो. व्यवसाय या रकान्यात काय लिहू, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "लिवा, दुसऱ्याची घरं जागी ठेवनं." फी म्हणून दरवर्षी पाच किलो इंद्रायणी तांदूळ घरी यायचा. ती तीन वर्षं त्या नवऱ्याच्या नावाचं कर्ज फेडत राहिल्या, एक हप्ता न चुकवता. "पैसं माझं, नाव त्येचं," त्या म्हणायच्या. "संसारात बी आसंच व्हतं. सवय हाय." चौथ्या वर्षी कर्ज एकदाचं त्यांच्या नावावर झालं.

पगार ठरलेला नाही आणि हप्ता मात्र ठरलेला, हे त्रांगडं त्यांनी स्वतःच्या पद्धतीने सोडवलं होतं. मालकांकडून पैसे मागायचे ते शनिवारी संध्याकाळी, पाहुणे आलेले असताना. "सोमवारी मानूस कंजूस आसतो. शनवारी पावन्यांम्होरं मागितलं की नोटा मोजीत बसत न्हाई." हे गुपित त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला एकदम माझे सगळे शनिवार आठवले. भर पार्टीत, मित्रांच्या देखत, मी त्यांना किती वेळा "राहू द्या वरचे" म्हणालो होतो! चिडायला हवं होतं, पण हसूच आलं.

मग लॉकडाऊन लागला. कॉम्प्युटरवालं जोडपं गाशा गुंडाळून आपल्या गावी गेलं आणि फ्लॅट रिकामा पडला. बँक म्हणाली, काही महिने हप्ते नका भरू, पुढे बघू. मी जाणकार माणूस. माझ्या कर्जाला ती सवलत लगेच घेतली आणि रंजनाताईंनाही घ्यायला सांगितली. त्यांनी साफ झटकलं. "आज नगं म्हनतोय, त्यो उद्याच्याला याजासकट मागनार. मी न्हाई बाबा." भाडं बंद, पण इकडे अकराच्या अकरा मालक कुटुंबकबिल्यासह कोळवणला पळून आलेले. कुणाला भाकरी हवी, कुणाला दूध, कुणाला नुसतं बोलायला माणूस. ताई पहाटेपासून राबत होत्या. आमच्या पोर्चमध्ये टेकून एकदा म्हणाल्या, "लोकं घरात कोंडली, तवा माझं घर सुटाया लागलं बगा." त्या काळात त्या झोपत कुठे होत्या, हे आम्हा अकरापैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही. याची मला आजही लाज वाटते.

निर्बंध सैल झाल्यावर फ्लॅट झाडायला त्या निघाल्या, तेव्हा मीच त्यांना गाडीने महाळुंग्याला सोडलं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि त्यांनी बेल दाबली. "कोन हाय का घरात?"

मी हसलो. "ताई, अहो, स्वतःच्याच घराची बेल?"

"माझं कुटलं? आजून बँकंचं हाय," त्या म्हणाल्या आणि पाचपर्यंत मोजून किल्ली लावली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की सापाबिपाचं काही नव्हतं. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, एवढंच होतं.

त्यानंतर एजंटने एक भाडेकरू आणला. "तुमच्या ओळखीचाच आहे," तो म्हणाला. तो त्यांचा नवरा निघाला. जमिनीचा पैसा संपला होता, पांढरी गाडीही गेली होती. "ओळकीचा हाय म्हनूनच नगं," रंजनाताईंनी सांगितलं आणि फ्लॅट दोन नर्सना दिला.

पंधरा वर्षांचं कर्ज त्यांनी साडेअकरा वर्षांत फेडलं. दर दिवाळीला बक्षिसी आली, की ती कर्जात. त्या गोडबोल्या साहेबाने शेवटच्या दिवशी त्यांना नवीन कर्ज देऊ केलं, अगदी कमी व्याजात. रंजनाताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने गुपचूप मूळ कागद काढून दिले. कागदांची पिशवी छातीशी धरून त्या माझ्या गाडीत बसल्या आणि महाळुंगे येईपर्यंत ती त्यांनी खाली ठेवली नाही.

नर्स आठवड्यापूर्वीच सोडून गेल्या होत्या. तिसरा मजला. रंजनाताईंचं बोट सवयीने बेलकडे गेलं आणि तिथंच थांबलं.

"आता कुनाला इचारू?" त्या म्हणाल्या.

त्यांनी थेट किल्ली लावली आणि आत गेल्या. गॅलरीतून खाली बोट दाखवलं, "ती लाल गाडी हाय न्हवं, तितं बांध व्हता आमचा. गुडघ्यापातूर चिखलात हुबी ऱ्हायची मी." मग मोकळ्या फरशीवर बसून त्या ढसाढसा रडल्या. माझेही डोळे भरून आले. त्यात अभिमान होता आणि, खोटं कशाला बोलू, हेवाही होता. जाताना त्यांनी जुडग्यातून माझी किल्ली सोडवून हातात दिली. "सायेब, आता हितंच डबं करनार. दुसरं मानूस बघा."

दुसरा माणूस मिळाला. चांगला आहे, पण धाडकन आत शिरतो. सवलतीच्या कृपेने माझं कर्ज अजून अकरा वर्षं आहे. गेल्या महिन्यात एकटाच कोळवणला गेलो होतो. दारापुढे उभा राहिलो, किल्ली काढली आणि आधी बेल वाजवली. पाचपर्यंत मोजलं. मग आत गेलो.