चहापर्यंतचा डाव

विश्रांतवाडीच्या उल्काताई बुद्धिबळ चांगलं खेळत, पण नवऱ्याबरोबरचा त्यांचा एकही डाव कधी पुरा झाला नव्हता. लग्नानंतर संभाजीरावांनीच त्यांना खेळ शिकवला, कारण रविवारी समोर बसायला कोणीतरी हवं होतं. पांढऱ्या सोंगट्या कायम त्यांच्या, काळ्या बायकोच्या. पुढे लेकीच्या मोबाइलवर बघून बघून उल्काताई काळ्या सोंगट्यांनी खेळायचा सिसिलियन ड्रॅगन शिकल्या. नावाला बचाव, पण भलताच जहाल. दोघंही एकमेकांच्या राजावर धावून जातात आणि जो आधी पोचेल तो जिंकतो. संभाजीरावांचा राजा उघडा पडायला लागला की ते म्हणत, "जरा चहा टाक गं." चहा येईपर्यंत पट आवरलेला असे. वर म्हणायचे, "तसाही तुझ्या डावात काही दम नव्हता."

बाई सोशिक होत्या, विसराळू नव्हत्या.

यंदा नारायण पेठेतल्या खुल्या स्पर्धेत दोघांनी नावं दिली आणि चौथ्या फेरीत नवरा-बायकोचीच जोडी लागली. उल्काताईंकडे अर्थातच काळ्या. हरलो तरी बेहत्तर, पण आज डाव शेवटपर्यंत खेळायचा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी ड्रॅगनच मांडला. संभाजीरावांनी राजा वजिराच्या बाजूला नेऊन दडवला आणि पलीकडच्या कडेचं प्यादं पुढे रेटलं. तेवढ्यात उल्काताईंनी हत्ती देऊन त्या राजापुढचा घोडा मारला. घोड्याच्या बदल्यात हत्ती मिळाला म्हणून संभाजीराव आधी खूश झाले. मग राजाच्या अंगावर पांघरूण उरलं नाही हे ध्यानात आलं आणि सवयीनं तोंडून निघून गेलं, "उल्का, जरा चहा..."

"काका, डाव चालू असताना बोलायचं नाही," पंच नम्रता म्हणाली.

उल्काताईंना हसू येत होतं.

थोड्या वेळानं संभाजीराव पुटपुटले, "बरोबरी घेतेस?"

"अहो, घड्याळ तुमचं चालू आहे."

शेवटी संभाजीरावांनी हार मानून आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोशी पहिल्यांदाच हस्तांदोलन केलं.

संध्याकाळी घरी त्यांनी पट मांडला आणि पांढऱ्या सोंगट्या बायकोकडे ठेवल्या. उल्काताईंनी पट फिरवून घेतला. "काळ्याच राहू द्या."

डाव रंगात आला. संभाजीरावांचा राजा पुन्हा उघडा पडायला लागला.

"अहो, जरा चहा टाका," उल्काताई म्हणाल्या.

ते उठले. साखरेचा डबा शोधण्यात बराच वेळ गेला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा पटावरची एकही सोंगटी जागची हललेली नव्हती.

"तुमची चाल आहे," उल्काताई म्हणाल्या.