प्रवेशोत्सवाचा टेम्पो

शाळेच्या पहिल्याच दिवशी मी तिला नदीत बुडवणार होतो, अशी माझ्या मुलीची ठाम समजूत आहे. ती सात वर्षांची आहे आणि मी बी.कॉम. आहे, पण या बाबतीत घरात तिचंच म्हणणं धरलं जातं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पेणजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा नसती, तर आज मी रोह्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळत नसतो, वडिलांसारखा गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवत असतो. (आणि मी रंगवलेली मूर्ती कुणी घरी नेली नसती!) म्हणून तन्वीला त्याच शाळेत घालायचं, हे मी ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. बायकोनं, म्हणजे सुजातानं, ठरवलं नव्हतं. तिचं माहेर रोह्याचं. तिथं तिच्या बहिणीची मुलं टाय लावून, व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. शेवटी तिनं अट घातली: पहिल्या दिवशी तन्वी न रडता शाळा सुटेपर्यंत वर्गात बसली तर ठीक, नाहीतर सोमवारी पेणच्या इंग्रजी शाळेत नाव घालायचं. गावातली आणखी पाच घरं आमच्याकडे बघत थांबली होती. तुमची बसली तर आमचीही बसतील, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे माझ्या शाळेची पहिली भरणार की नाही, हे त्या एका दिवसावर! मी रजा टाकली आणि मुख्याध्यापिका म्हात्रे बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, फुलं देऊ, पुस्तकं देऊ, शिरा करू, झालं. मला ते फारच थोडं वाटलं. जिनं मला माणसांत आणलं, तिच्या दारात मुलं नुसती चालत जाणार? मी म्हटलं, मिरवणूक माझ्याकडे लागली.

आता खरं सांगायचं तर आमच्याकडच्या माणसाला मिरवणूक एकाच प्रकारची काढता येते. बाळूचा टेम्पो झेंडूच्या माळांनी सजवला. वडिलांनी कारखान्यातून सहा पाट आणि मखमली कापड आणलं. मुलांना पाटांवर बसवलं, हार घातले, आईनं एकेकाला ओवाळलं आणि शुभकार्याला निघालीत म्हणून प्रत्येकाच्या हातावर दही ठेवलं. पुढे ढोल-सनईचा खालूबाजा, मागे गुलाल. कुणीतरी सवयीनं ‘मोरया’ म्हटलं आणि सगळ्या गावानं सूर धरला. मुलं खूश होती.  तन्वीनं मात्र हातावरच्या दह्याकडे बघितलं, गळ्यातल्या हाराकडे बघितलं, आणि टेम्पोत शेजारी उभ्या असलेल्या मला हळूच विचारलं,

"पप्पा, आम्हाला पण बुडवणार?"

मी हसलो. (तिच्या मते ही कबुली!)

"छे गो, शाळेत चाललोय आपण."

"शाळा तर मागं राहिली."

मी वळून बघितलं. खरंच मागं राहिली होती! शाळेसमोर रस्ता अरुंद, त्यामुळे टेम्पो वळवायचा तर खाली विसर्जन घाटापर्यंत न्यावा लागतो. हे बाळूला माहीत होतं, मलाही होतं. मुलांना एवढंच माहीत होतं की पाटावर बसून या उतारानं गेलेलं आजवर कुणी परत आलेलं नाही.

पाणी दिसलं आणि मुलांनी पाट घट्ट धरले. लवकर वळव म्हणून मी केबिनवर थापा मारल्या. बाळूला वाटलं, जागा आली. त्यानं इतक्या वर्षांच्या सवयीनं टेम्पोची मागची बाजू पाण्याकडे केली, खाली उतरला आणि मागचा फाळका पाडला! दरवर्षी घाटावर मूर्ती उतरवून घेण्याचा मान माझ्या वडिलांचा. ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही हात पसरून पुढे आले. मुलांना खाली उतरता येणार नाही, म्हणून निव्वळ प्रेमानं! आणि नातीला म्हणाले,

"ये गो बाय, पयली तुलाच घेतो."

तन्वीनं त्यांच्या हातांखालून उडी मारली. तिच्यामागे पाचही मुलं. हार, कुंकू, दही, सगळं घेऊन सहा जण उतार चढून पळाले, समोर जे पहिलं दार उघडं दिसलं त्यात घुसले आणि आतून कडी लावली. ती शाळेतली पहिलीची खोली होती. (खालूबाजा अजून घाटावर जोरात वाजत होता.)

मी धापा टाकत पोचलो तेव्हा सुजाता खिडकीशी उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात पेणच्या शाळेचा फॉर्म भरून टाकला. बाई खिडकीतून मुलांना समजावत होत्या. आत एकच प्रश्न विचारला जात होता, की इथून आम्हाला कुणी नेणार का. बाई म्हणाल्या, जो वर्गात नीट बसतो त्याला कुणीसुद्धा नेत नाही.

सहाही मुलं एका ओळीत मांडी घालून बसली. रडायची कुणाची हिंमतच नव्हती. शिरा खिडकीतून आत दिला. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी एकही जागचं हललं नाही. सुजाता पुन्हा एकदा आत डोकावली. मग म्हणाली, "राहू दे तिला इथंच." बाकीच्या पाच घरांनीही नावं कायम केली.

त्याला वर्ष झालं. तन्वीनं एकही खाडा केलेला नाही. ताप असला तरी दप्तर घेऊन दारात उभी! मला याचा फार अभिमान वाटायचा. परवा बाईंनी वर्गात विचारलं, रोज शाळेत का यायचं? कुणी म्हणालं डॉक्टर व्हायला, कुणी म्हणालं पोलीस व्हायला.

माझी मुलगी उभी राहून म्हणाली, "घरी पप्पा असतात म्हणून."