सोलकढीवर ठेवलेलं बोट

मुलुंडच्या त्या सोसायटीत कुणाला साधी शिंक आली तरी नीला गुप्त्यांना विचारायचे. विचारणारच, बाईंचा उभा जन्म आरोग्य खात्यात गेलेला. साथ आली की दारोदार फिरून कारण शोधायचं, हेच काम. खात्यातल्या नव्या मुलींना त्या दरडावून सांगत, "आधी काय झालं नि मागून काय, ते लावा. ज्याने ती वस्तू खाल्लीच नाही, तो आजारी पडला का, तेही विचारा. मगच कशावर बोट ठेवा."

आणि हीच बाई घसरली. तीही कशापायी, तर मानापायी.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण. इतक्या वर्षांनी पूजेला बसायचा मान गुप्ते जोडप्याला मिळालेला, आणि नेमके सकाळीच नंदकिशोररावांना जुलाब सुरू झाले. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, पुढच्या वर्षी. नीलाताईंनी नवऱ्याला गोळी दिली, सोवळं नेसवलं आणि पाटावर बसवलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

दुपारी जेवणं झाली. संध्याकाळपर्यंत निम्मी बिल्डिंग ओकत होती आणि उरलेली नीलाताईंच्या दारात उभी. खरं कारण शोधायचं तर नवऱ्याचंही सांगावं लागणार. आजारी माणसाला पूजेला बसवलं म्हणून चारचौघांत शोभा होणार. बाईंनी जीभ उचलली नि टाळ्याला लावली. म्हणाल्या, "सोलकढी. नारळाचं दूध नासलं असणार."

सोलकढी केली होती मागच्या चाळीतल्या प्रेमा परबने. बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांचे डबे तिच्याकडूनच येत. दुसऱ्या दिवसापासून तिचा एकही डबा कुणी घेतला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पुढे पाण्याची टाकी उपसली तेव्हा कळलं, गटाराचं पाणी आत झिरपत होतं. सोसायटीने पाइप बदलला आणि विषय मिटवला. प्रेमाकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

नीलाताईंना मात्र तो मिटवता येईना. स्वतःची एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. शेवटी एका दुपारी गेल्या. प्रेमाने लगबगीने खुर्ची पुसली. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

"तुमी सांगितल्यात म्हणजे खरांच असतला," प्रेमा म्हणाली. "माका वाटलां, माझ्याच हातात काय खोट आसा. तेवापासून साबणान धुतंय नि धुतंय."

"तुझी चूक नव्हती गं. टाकीचं पाणी होतं." नीलाताई म्हणाल्या. "आणि मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. आमच्या ह्यांना सकाळीच जुलाब लागले होते, तुझी कढी पानात पडायच्या आधी. मी लपवलं."

प्रेमाने विचारलं, "आता सायब बरे आसत ना?"

त्यापेक्षा तिने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर नीलाताई मान वर करून घरी गेल्या असत्या.