पिकल्या केसांची नायिका

वयनी पुस्तक परत करायच्या म्हणजे टेबलावर आपटायच्या. आपटून झालं की पदराने कपाळ पुसायच्या आणि लेखकच समोर बसलाय अशा नजरेने माझ्याकडे बघायच्या. "ही पण सोळा वर्षांची! माझो भाताचो टोप हिच्यापेक्षा म्हातारो आसा. हिका पिरेम कळता आणि माका कळणा नाय?"

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी आमच्या बंदरावरच्या गावातल्या वाचनालयात पुस्तकं द्यायचं काम करत होते. मॅट्रिक झाले होते, लग्न जमत नव्हतं. वयनींची खानावळ बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नवरा त्यांच्या तिशीतच वारला. एकुलता मुलगा मुंबईला नोकरीला, त्याचा संसार तिकडेच. दुपारची पंगत उठली की हाताला तिरफळांचा वास घेऊन त्या वाचनालयात यायच्या. सगळं गाव त्यांना वयनी म्हणायचं. म्हणजे सगळं गाव त्यांचा दीर, आणि ते दीरपण गावाने पुढे पुरेपूर गाजवलं.

त्यांची मागणी साधी होती. "माका पन्नाशीच्या बायलेची गोष्ट होयी. पिरमाची. सुनेक छळणारी नको, तीर्थाक जाणारी नको."

मी कपाटं उपसली. पन्नाशीची बाई पुस्तकात नव्हती असं नाही. खोकणारी आत्या होती, सावत्र आई होती, नायिकेचं तोंड बघून डोळे मिटणारी आई तर ढिगाने. पन्नाशीचे पुरुष मात्र अठरा वर्षांच्या मुलींवर खुशाल जीव टाकत होते आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. आजही ती पानं आठवली की माझं डोकं तापतं. एवढे शहाणे लोक एवढं लिहून गेले आणि एकालाही शेजारच्या घरातली पिकल्या केसांची बाई दिसली नाही!

शेवटी एक सापडली. नायिका अठ्ठेचाळीस वर्षांची शिक्षिका, तिला मागणी घालणारा साठीला टेकलेला वैद्य. मी धावत जाऊन खानावळीत पुस्तक दिलं. ते परत आलं तेव्हा असं आपटलं गेलं की शाईची दौत कलंडली.

"मारल्यान गो तिका! लग्न ठरला आणि मेल्यान ताप आणून मारल्यान! कित्या? तिणा तेचा काय घोडा मारलेला?" त्या रडत होत्या आणि रडू आल्याचा त्यांना आणखी राग येत होता.

एवढा राग का, ते मला त्यानंतर कळलं. देवबागचा भाऊ तांडेल, मासेमारीच्या मच्छव्याचा म्होरक्या, बंदरात असला की वयनींकडे जेवायचा. पंचावन्नच्या पुढचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याला वाचता येत नव्हतं. दुपारी वयनी ओसरीवर बसून मोठ्याने कादंबरी वाचायच्या आणि तो जाळं सांधत ऐकायचा. मधेच हात थांबवून म्हणायचा, "ता चेडू उशीत तोंड खुपसून रडता कित्या? तेका जावन सरळ विचारूक काय झाला?" रस्त्याकडचं दार सताड उघडं असायचं. "चोरी आसती तर दार बंद नसता?" असं वयनी म्हणायच्या. लोकांना उघड्या दाराचाच जास्त राग आला.

वाचनालयाचे चिटणीस एक दिवस मला म्हणाले, "त्या बाईंना असली पुस्तकं देऊ नका. विधवा आहेत. पोथ्या द्या." चिटणीसांची दुसरी बायको त्यांच्या थोरल्या मुलीच्या बरोबरीची होती, आणि त्यांच्याच बैठकीने पुढे ठराव केला, की वयनींचं सभासदत्व वाचनालयाच्या प्रतिष्ठेला बाधक आहे. बाधक! हा शब्द काय तोऱ्यात वाचला होता त्यांनी. मी कपाटाच्या किल्ल्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि घरी न जाता खानावळीत गेले.

वयनी माझ्यावरच उखडल्या. "तुका कोणी सांगलेला नोकरी सोडूक? उद्या काय खातलंस, ठराव?" मग पान वाढलं. "जेव आधी. आणि उद्यापासून हयसर वाढूक ये."

मी गेले. पण वाढायला माणसं कमी होत चालली होती. कचेरीतले कारकून आधी बंद झाले, मग शाळामास्तर. कुणी तोंडावर काही बोललं नाही. येऊन बोलले असते तर वयनींनी पळीने उत्तर दिलं असतं. माणसांनी नुसता रस्त्याचा दुसरा काठ धरला.

मग मुंबईच्या बोटीने मुलगा आला. त्याला कुणी कळवलं हे विचारायची गरज नव्हती. चपला न काढता तो चुलीपाशी आला. "आये, ह्या वयात? माका तोंड दाखवूक जागा ठेवलंस?"

वयनी भाकरी थापत होत्या. थापणं थांबलं नाही. "ह्या वयात दोनशा भाकऱ्यो भाजतंय, तेची लाज वाटणा नाय तुका? ह्या वयात ताप इलो तर पाण्याचो तांब्यो देवक कोण नाय, तेची वाटणा नाय? येक माणूस माझ्याशी दोन शब्द बोलता, तेचीच वाटता?"

"मुंबैक चल."

"नातवंडां सांबाळूक?"

दुसऱ्या दिवशीच्या बोटीने तो परतला, एकटा.

आमच्या भागात विधवेने पुन्हा लग्न करणं काही आभाळ कोसळण्याजोगं नव्हतं. पंचविशीतल्या बाईने केलं असतं तर गाव चार दिवस बोलून आपल्या कामाला लागलं असतं. रागाचं मूळ विधवेत नव्हतं, पिकल्या केसांत होतं. वयनींनी आणि भाऊ तांडेलने लग्न करायचं पक्कं केलं; भटजी मिळेना म्हणून कचेरीत नोंदणी ठरली. साक्षीदारांत मी होते. कारकुनाने मान खाली घालून विचारलं, "मुलीचं वय?"

"पन्नास," वयनी म्हणाल्या.

"तुमचं नाही हो बाई. मुलीचं."

"मीच ता चेडू! लिही."

मागच्या बाकावरचे लोक हसले. भाऊ तांडेल उठून त्यांच्याकडे वळून उभा राहिला. हसणं थांबलं.

वयनी देवबागला गेल्या. मी पुढे तळेऱ्याच्या शाळेत शिक्षिका झाले, सुट्टीत त्यांच्याकडे जायचे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माडांखाली ते घर. दोघं सारखी भांडायची. बांगड्यात सोलं किती, गलबतं दिसली किती, कशावरूनही. भाऊला एकदा ताप आला तर वयनींनी त्याला एवढं बोलून घेतलं, की तो तापातही हसत होता. कुठल्याही लेखकाने लिहिली नाही ती गोष्ट मी तिथे वर्षानुवर्षं पाहिली, आणि ती चांगली लांबलचक होती.

वयनी गेल्या त्या साठीच्या पुढे, झोपेत. निरोप मिळाल्यावर मी मिळेल त्या गाडीने आणि मग होडीने पोहोचले. देवबागच्या घराचं अंगण भरलेलं होतं. बंदरावरच्या गावातले तेच लोक, ज्यांनी रस्त्याचा काठ बदलला होता, आता पुढे होऊन व्यवस्था बघत होते. मुलगा मुंबईहून आला होता. चिटणीसही होते. त्यांनी तिथेच दोन शब्द बोलायला सुरुवात केली, आणि त्या शब्दांत वयनींच्या पहिल्या नवऱ्याचं घराणं आलं, सोशिकपणा आला, वैधव्यातलं कष्टमय जीवन आलं. देवबाग आलं नाही.

भाऊ तांडेल कुडाच्या आडोशाला उभा होता. उचलायची वेळ झाली तसा पुढे झाला. मुलाकडच्या एका परक्या पाहुण्याने हात आडवा धरला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "आपण कोण?"

चिटणीस जमिनीकडे बघत होते. मुलगाही.

"मी तिचो घोव," तो म्हातारा म्हणाला. तो हात त्याने बाजूला केला आणि वयनींना खांदा दिला.