सात पाकळ्यांचं कमळ

वस्तीत विहाराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, पण मूर्ती नव्हती. दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि आम्ही अजून कॅलेंडरातल्या बुद्धाला चौकट करून त्याच्यापुढे बसत होतो. मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. रविवारी सकाळी दगडी कोरीवकाम शिकवणारा नवशिक्यांचा वर्ग निघतोय, असं कळलं आणि मी अर्ज देऊन मोकळी झाले. सहा महिन्यांचा वर्ग, म्हणजे सहाव्या महिन्यात बुद्ध तयार, असा माझा साधा हिशेब होता.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी उभी हयात मोर्शी रोडवर खडी फोडण्यात घालवली होती. हातातला घास तसाच धरून ते म्हणाले, "गोटे फोडाले लागू नये म्हनून तुले मास्तरीन केलं. अन् तू अर्ज करून गोटे फोडाले चालली?"

"बुद्ध करतो म्हणते," आईने परस्पर सांगून टाकलं.

वडिलांनी हातातला घास तोंडात घातला. त्या दिवशी भाकरी एक जास्त खाल्ली.

वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. आम्ही पाच जण होतो. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते वही घेऊन यायचे आणि मिस्त्रींचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. हातोडी मात्र फारशी उचलायचे नाहीत. मिस्त्री म्हणजे आमचे गुरुजी, साठीचे पाथरवट. देवळाच्या पायऱ्यांपासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं घडवलेला माणूस. त्यांनी प्रत्येकापुढे हातभर लांबीचा काळा दगड ठेवला, एकेक टाकी दिली आणि म्हणाले, "याले सपाट करा."

"आणि मूर्ती?" मी विचारलं.

"मूर्ती काई पळून नाई चालली, बाई."

दोन रविवार मी त्या दगडावर तुटून पडले. अंगठा दोनदा ठेचला, तळहाताला फोड आले, आणि दगड होता तसाच राहिला. मिस्त्री मागे येऊन उभे राहिले. "काहून मारून राहिल्या त्याले? त्यानं तुमचं काय बिघडवलं?" पोस्टमास्तरांनी हेही वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या रविवारी वडील डबा घेऊन आले. शेडच्या दाराशी उभं राहून त्यांनी माझे चार घाव पाहिले. पाचवा त्यांना पाहवेना. "सरक," म्हणाले आणि धोतर सावरून माझ्या जागी बसले. हातोडी त्यांच्या हातात अशी शोभून दिसली, की मिस्त्रीही कौतुकाने जवळ आले. वडिलांनी एकच घाव घातला. दगडाचा अर्धा हात लांबीचा कोपरा निघून शेडच्या बाहेर गेला.

मिस्त्रींनी विचारलं, "हे कोन?"

"माझे वडील."

"खडीवर होते?"

"तीस वरीस," वडील म्हणाले. आवाजात अभिमान होता, पण नजर त्या कोपऱ्यावर होती.

"मंग बरोबर हाय. तुमी फोडाले शिकले. इथं न फोडता हानाचं असते." मिस्त्रींनी उरलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला. "यात बुद्ध आता बसत नाई, बाई. बसाले कमळ होईल."

मग पुढचे पाच महिने मी कमळ केलं. गेरूने आठ पाकळ्या आखून मिस्त्रींनी त्या कोरायला दिल्या. टाकी तिरपी धरायची, घाव हलका घालायचा आणि आवाज बदलला की थांबायचं, एवढंच शिकायचं होतं. तेवढ्याला दिवाळी उजाडली. सातवी पाकळी झाली तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला आलं. त्या भरात एक घाव जोरात बसला आणि आठवी पाकळी मुळातून उडाली. तिथे घासून घासून दगड गुळगुळीत केला, तरी ती जागा बोडकीच दिसत राहिली.

पुढे नागपूरहून प्लास्टरची मूर्ती आली आणि विहारात माझ्या कमळावर बसली. आलेला प्रत्येक माणूस आधी हात जोडायचा, मग पाकळ्या मोजायचा. "एक काहून कमी हाय?" असं कुणी विचारलं की मी तोंड उघडायच्या आत वडील सांगायचे, "ते माया हातानं गेली. पोरीचा काई दोष नाई." मी दोन-तीनदा खरं सांगून पाहिलं. त्यांना ते आवडलं नाही, मग मीही सोडून दिलं.

मूर्तिकार काही मी झाले नाही. पण हिला टाकी धरता येते, ही बातमी वस्तीभर झाली. पाटा गुळगुळीत झाला की बायका तो काखेत मारून माझ्याकडे यायच्या. रविवारी ओट्यावर बसून मी टाकीने पाट्यांना टाके घालून ते पुन्हा खरबरीत करायची आणि वडील शेजारी बसून सूचना करायचे, "हळू, हळू."

शाळेतल्या एका बाईंच्या कानावरही ते गेलं. मधल्या सुट्टीत त्या डबा घेऊन खिडकीपाशी वेगळ्या बसत. का, ते त्या बोलत नसत आणि मी विचारत नसे. एका रविवारी त्या रिक्षातून उतरल्या. रिक्षावाल्याने पाटा आत आणून ठेवला.

"आमचा टाकीवाला तीन महिने फिरकलाच नाही," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "वाटण नुसतं सरकतं."

आईने पाणी आणलं, तर त्यांना तहान नव्हती. मी पाट्याला नीट, दाट टाके घातले. त्या पाटा घेऊन गेल्या.

मंगळवारी मधल्या सुट्टीत त्या खिडकीपासून उठल्या, माझ्या बाकावर येऊन बसल्या आणि डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलं. त्यात जवसाची चटणी होती.

"त्याच पाट्यावरची आहे," त्या म्हणाल्या. "दगडाची कचकच लागते का, तेवढं सांगा."

कचकच लागत होती, थोडीशी. मी सांगितलं, अजिबात नाही. त्यांनी माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली आणि ती चटणी लावून दोघी जेवलो.